खाली आईची गोधडी हाय

मी वैशाली, गंगाखेडच्या भीमनगरची. पप्पा कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवायचे, आई लोकाच्या रानात खुरपायला जायची आन घरी आली की गोधड्या शिवायची, तिला त्याचा नादच म्हणा ना. आता स्केटबोर्ड आमच्या घरात कसा आला ते सांगते, तुमी हसताल ताई. माझा मामा पुण्याला सोसायट्यांमधी रंगकाम करतो. एका घरच्यांनी जुनं सामान बाहेर काढलं, त्यात ही चार चाकाची फळी. मामाला वाटलं गॅसची टाकी सरकवायला बरी हाय, म्हणून आईला आणून दिली. आमी तिच्यावर टँकरपासून घरापर्यंत पाण्याचे कॅन आणायचो. एकदा रिकामे कॅन घेऊन जाताना मीच वर उभी राहिले. पडले, कोपर फुटलं. पण ती एक घडी पायाखालची जमीन आपल्या आपण पळाली ना, काय सांगू तुम्हाला, ते काय डोक्यातून जाईचना.

मंग मोबाईलवर बघितलं तर ह्याला खेळ म्हणतेत, पायऱ्यांवरून उडी मारायची, कट्ट्यावरून, लोखंडी कठड्यावरून फळी घासत न्यायची. आमच्याकडले रस्ते तर तुमी येताना बघितलेच, उसाच्या ट्रॅक्टरनं उखणलेले. सपाट जागा म्हणाल तर एकच, विहारापुढची फरशी, वर पिंपळ आन पुढं विहाराच्या पायऱ्या. तिथंच मी पडून पडून शिकले. लय खडखड व्हायची. विहाराची चावी गयाबाई आत्याकडं असती, त्या आल्या आन म्हणल्या, वंदनेच्या टायमाला बंद, बाकी तू जाण आन तुझे हातपाय जाणोत. पोरीच्या जातीला हे काय म्हणणारे काय कमी होते का. आई कुणाला उलटून बोलायची न्हाई, पण कामावरून आली की जाड गोधडी काखेत मारून यायची आन पायऱ्यांच्या खाली आंथरायची. म्हणायची, हाडं मोडायची तर माझ्या गोधडीवर मोड. तोंडानं शिव्या चालू आन हातानं सुरकुत्या काढायची, अशी आमची आई हाय.

बारावी झाली आन मामाकडं पुण्याला गेले. तिथली हा खेळ खेळणारी पोरं फाडफाड इंग्रजी बोलायची, मी बोलायचे कमी आन उड्या मारायचे जास्त. मंग बेंगलोरला स्पर्धा झाल्या, बक्षीस मिळालं आन एका बुटाच्या कंपनीनं मला धरलं. त्यांचे बूट घालायचे, त्यांच्या व्हिडिओत उड्या मारायच्या, ते पगार देणार, ह्यालाच प्रोफेशनल म्हणतेत. आईला सांगितलं तर म्हणली, पडायचा पगार देतेत का गं? म्हणलं, हो. म्हणली, मंग जपून पड.

जपून पडता आलं न्हाई. एका कठड्यावरून उतरताना गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणले, चालशील, जरा लंगडशील, पण उड्या विसर. कंपनीवाले आधी रोज फोन करायचे, मंग कधीमधी, मंग मी केला तर उचलेनात. मी त्यांना नावं ठेवत न्हाई, त्यांचा धंदा हाय. पण घरी येऊन लय रडले. मला त्या खेळाबिगर दुसरं काय येतच नव्हतं.

मंग म्हणलं, उडी न्हाई तर न्हाई, फळी तर करू. बाहेरदेशची फळी गरिबाच्या पोराला कुठं परवडती. घरामागं पत्र्याचं शेड टाकलं, लाकडाचे पातळ पातळ थर गोंद लावून एकावर एक ठेवायचे, प्रेसमधी दाबायचे, वाळले की कापायचे. होतं न्हवतं ते सगळं त्यात घातलं. वस्तीतल्याच बाया कामाला आल्या, गयाबाई आत्याची सून पण आली. आपली कंपनी चालली तर मी ह्या खेळात राहणार, न्हाई चालली तर नुसती लंगडी वैशाली, हे मला चांगलं ठावूक होतं.

आता फळीच्या पोटाला चित्र असतं, उडी मारली की ते दिसतं. मी म्हणलं, ज्या पिंपळाखाली शिकले त्याचंच पान टाकू. निळं, मोठं पान. पहिला माल झाला तसं म्हणलं, आधी विहारात नेऊ, पंचशील म्हणू, मंग पुण्याला पाठवू. सगळी वस्ती जमली. आत्यानं पानावरून हात फिरवला, लय खुश झाल्या, म्हणल्या, चालवून दाखव. मी पाय ठेवला आन आत्याचा चेहराच उतरला. वैशे, ज्याच्याखाली बुद्धाला बोधी झाली ते पान पायाखाली घेतलंस व्हय? मी म्हणलं, आत्या, पान खालच्या अंगाला हाय, पाय वर हाय, मधी लाकूड हाय. त्या म्हणल्या, आन कठड्यावरून नेशील तवा काय घासंल?

पोटच घासतं. जिंदगीभर फळ्या घासल्या, मला हे सुचूच नये? दुसऱ्या दिवशी बाया कामाला आल्या न्हाईत. भांडल्या न्हाईत, बोलल्या न्हाईत, नुसत्या आल्या न्हाईत.

पुण्याच्या पोरांना फोन केला तर म्हणले, त्यात काय, पाठवून दे, इकडं कोण विचारतंय. खरं हाय, माल खपला असता. पण मंग त्या पायऱ्यांपुढून कोणत्या तोंडानं गेले असते मी. पॉलिश पेपर घेतला आन शेडमधी एकेक पान खरडून काढायला बसले. काढताना पण जिवाला लागायचं. आई आली, काखेत तीच जुनी गोधडी. म्हणली, उठ, फरशी गार हाय, गुडघा धरंल. गोधडी आंथरली आन माझ्याबरोबर ती बी घासायला लागली. निळा भुगा खाली पडू दिला न्हाई, पदरात घेतला आन पिंपळाच्या बुडाला नेऊन टाकला. परत आली, बसली, आन गोधडीवर थाप मारून म्हणली, पायाखालीच घालायचं हाय तर ही हाय की. हिचा जल्मच त्याच्यासाठी हाय.

मी बघतच राहिले. लाल, हिरवे, पिवळे तुकडे आन काठापासून आत आत गेलेला आईचा टाका. ह्याच्यावर मी किती पडले असंल.

आता तेच चित्र असतं आमच्या फळीला. बाया परत आल्या, आत्या तर स्वतःची गोधडी घेऊन आल्या, म्हणल्या, हिचं बी चित्र काढ. मी उड्या मारत न्हाई, संध्याकाळी विहारापुढं हळूहळू एक चक्कर मारते, वंदनेच्या टायमाला बंद. फळ्या लांब लांब जायल्यात. कुठंतरी कुणाची तरी पोर पायऱ्यांवरून उडी मारत असंल, पडंल बिचारी, पडल्याबिगर येत न्हाई. पडू द्या. खाली माझ्या आईची गोधडी हाय.