डावीकडे पळणारा पट्टा

चामराजपेटेत हत्यारांच्या दुकानात माझ्यापुढचे काका दुकानदार वादिराजअण्णांशी बोलत होते.

“अण्णा, बेल्ट ग्राइंडरचा घासायचा पट्टा सारखा डावीकडे पळतो. आता चौथा द्या.”

“चाकाचा स्क्रू स्वल्प फिरवून बघितलात काय?”

“बोटं दुखली फिरवून. रिटायर्ड इंजिनियर आहे मी!”

“सरी, सरी, बरं. कधीपासून पळतो?”

“दसऱ्यापासून.”

“आयुधपूजा केलात?”

“अगदी साग्रसंगीत. मशीनला हार, वरच्या चाकाला गंध.”

“चाकाला कुठं?”

“डाव्या कडेला. चांगलं बोटभर.”

“ते वाळून टेंगूळ झालं असणार. उंच बाजूला पट्टा चढतोच. खरवडून काढा, सरळ धावेल.”

“अरेच्चा! आमची बायको, कल्पना, तेव्हाच म्हणाली होती, फिरत्या चाकाला गंध लावू नका.”

“मग नवा पट्टा नको?”

“द्या हो. घरी सांगतो, आधीचे तिन्ही खराब निघाले.”