बाईंचं माप आणि माझी जुनी सिस्टीम

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आमच्या कार्यशाळेचे प्रमुख, व्यासपीठावर उपस्थित असलेल्या रुग्णालयाच्या अधीक्षक डॉक्टरीणबाई, निवृत्तीनंतरही आज आवर्जून आलेले आमचे माजी प्रमुख, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या माप घेणाऱ्या बाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि दोन्ही लेकी, कोरकाम, शिवणकाम, तळकाम आणि स्टोअर या चारही विभागांतले माझे सहकारी, आणि खुर्च्या न मिळाल्यामुळे दाराशी उभे असलेले आपण सर्वजण. खुर्च्या साठ मागवल्या होत्या, माणसं ऐंशीच्या घरात दिसताहेत. ही मोजणी माझी नव्हती, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'आमचे तंत्रज्ञ' अशी करून दिली. आभारी आहे, पण दुरुस्ती करतो. माझ्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही. सव्वीस वर्षांपूर्वी मी इथे बुटांना तळ चिकटवायला लागलो. त्यानंतर या दोन हातांनी जे केलं ते असं. बाई ज्यावर रुग्णाचं पाऊल ठेवून माप घेतात तो सरकत्या पट्टीचा स्टूल, त्यात एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेचे. तयार साचे ठेवायचं तीनशे बारा कप्प्यांचं फडताळ. साचे कोरणाऱ्या मशीनवरचं धुळीचं झाकण, पहिलं कापडी आणि दुसरं पत्र्याचं. संगणकापासून त्या मशीनपर्यंत जाणारी नऊ तारांची केबल, लांबी चार मीटर वीस सेंटिमीटर, अठरा जोड, प्रत्येक जोड मी डागलेला. आणि बाईंनी घेतलेली मापं मशीनला समजतील अशा रीतीने पोचवणारा प्रोग्राम, सहा हजार चारशे बारा ओळींचा. तो मी मागून आणलेल्या दोन पुस्तकांवरून आणि भंगारात काढलेल्या एका संगणकावर शिकून लिहिला.

आता तुम्ही म्हणाल, निरोप बाईंचा आणि हा गृहस्थ स्वतःचीच यादी वाचतोय! वाचतोय खरा. त्यातली शेवटची वस्तू लक्षात ठेवा, मला आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

पाहुण्यांसाठी आमचं काम दोन वाक्यांत सांगतो. ज्यांच्या पायांना बाजारातले बूट चालत नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही बूट करतो. बाई पावलाची मापं घेतात, मशीन त्या मापांचा लाकडी साचा कोरतं आणि त्या साच्यावर बूट चढतो. आमच्या बऱ्याच रुग्णांच्या पायांना संवेदनाच नसते. बूट घट्ट झाला तर त्यांना दुखत नाही. जखम झाल्यावरच कळतं, तेही पायमोज्यावर रक्त दिसलं तर. म्हणून बाईंना आम्ही 'मिलिमीटरबाई' म्हणतो. त्यांच्या तोंडावर म्हणायची आज पहिलीच वेळ. बाई, हसू नका, तुम्हाला माहीत होतं हे मलाही माहीत आहे.

पावणेदोन वर्षांपूर्वी माप-टेबलावरचा संगणक बंद पडला. नवा मंजूर झाला. विक्रेत्याचा फोन आला, "सिस्टीम कुठली टाकून देऊ? जुनी हवी असेल तर आत्ताच सांगा, पुढच्या वर्षी मिळणार नाही."

आता हा प्रश्न साधा आहे का? संगणक नवा घ्यायचा आणि त्यात जुनी सिस्टीम घालायची, की जे नवं आलं आहे तेच घ्यायचं? मी दीड दिवस बसून दोन्ही बाजू लिहून काढल्या. जुनी सिस्टीम अडतीस सेकंदांत उठते, मी मोजलं होतं. तिची प्रत्येक खोड मला ठाऊक. काम चालू असताना मध्येच 'थांबा, मी स्वतःला अद्ययावत करतेय' असं म्हणून ती अर्धा तास बसून राहत नाही. नवीत सगळ्या वस्तू जागच्या हललेल्या. आणि मुख्य म्हणजे माझा प्रोग्राम मशीनच्या तारेशी थेट बोलतो. नवी सिस्टीम तसं बोलू देत नाही, प्रत्येक गोष्ट परवानगीने. माझी जुनीच्या बाजूची कारणं सतरा झाली. विरुद्ध बाजूची तीन. तिच्या दुरुस्त्या करणं कंपनीने बंद केलंय, नवी यंत्रं तिला ओळखत नाहीत, आणि रुग्णालयाचं नेटवर्क तिला किती दिवस आत घेईल याची खात्री नाही. ही तीन मी शेवटच्या पानावर लिहिली. बारीक अक्षरात.

बैठक प्रमुखांच्या खोलीत झाली. सगळ्यांना वाटत होतं बाई माझ्या बाजूने असतील. छप्पन्न वर्षांच्या बाई, निवृत्ती जवळ आलेली, त्यांना कशाला नवं शिकायचं असेल? माझी सतरा कारणं वाचून झाली. बाईंनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "मला एवढंच सांगा, नव्यावर मशीन चालणार नाही, की तुमचा प्रोग्राम?"

मी म्हणालो, "एकच झालं ते, बाई."

"एकच कसं होईल? पाय आणि बूट एकच का?"

सगळे हसले. कोरकामाचे दादा म्हणाले, "अहो बाई, इंजिनिअरसाहेबांना विचारताय, पण तो प्रोग्राम म्हणजे त्यांचं लेकरू आहे!" दादा मला सव्वीस वर्षं इंजिनिअरसाहेब म्हणतात. मान म्हणून म्हणत नाहीत.

प्रमुख म्हणाले, "हसणं पुरे. सरळ उत्तर द्या. कोण चालणार नाही?"

मी म्हणालो, "मशीन."

अध्यक्ष महाराज, ते खरं नव्हतं. मशीन बनवणाऱ्यांनी नव्या सिस्टीमसाठी स्वतःचा प्रोग्राम काढला होता. त्याचं पत्रक माझ्या खणात होतं. ते घेतलं असतं तर मशीन चाललं असतं आणि माझ्या सहा हजार चारशे बारा ओळी कचऱ्यात गेल्या असत्या. माणसं आयुष्यात काय काय वाचवायला जातात! मी ओळी वाचवल्या.

जुनी सिस्टीम बसवली. नव्या संगणकात स्मरणशक्ती आठ जीबी, त्यातले जुनीला दिसले सव्वातीन. बाकीचे जागेवर असून नसल्यासारखे. तरी मी खूश. पाचव्या महिन्यात रुग्णालयाने जुन्या सिस्टीमचे सगळे संगणक नेटवर्कवरून काढून टाकले, आमचाही काढला. यात रुग्णालयाचं काहीही चुकलं नाही, अधीक्षकबाई, त्यांनी आधी दोन पत्रं पाठवली होती. ती मी वाचली होती.

तोवर बाईंनी वॉर्डात घेतलेली मापं रुग्णालयाच्या फॉर्ममध्ये भरली जायची आणि तिथून तारेने माझ्या प्रोग्राममध्ये यायची. आता ती कागदावर उतरवून, चालत आणून, हाताने भरायची वेळ आली. कोणावर? बाईंवर. दोन इमारती, मध्ये उतार, रोज दोन खेपा. बाई तक्रार करणाऱ्यांतल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "तुमच्या प्रोग्रामला सांगा, माझे गुडघे जुन्या सिस्टीमचे आहेत."

पहिल्याच आठवड्यात बुटांचा एक जोड चुकीचा गेला. रुग्ण टपाल वाटणाऱ्या ताई. त्या आज इथे, तिसऱ्या रांगेत आहेत. त्यांची परवानगी घेऊन सांगतो. त्यांचं डावं पाऊल सुजलेलं, घेर दोनशे बासष्ट मिलिमीटर. उजवं दोनशे एक्कावन्न. अकरा मिलिमीटरचा फरक. वॉर्डातले जोड थेट वॉर्डात जातात, घालून बघताना बाई तिथे नसतात. ताईंना विचारलं, "कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "छान आहे." त्यांना काही जाणवणारच नव्हतं. दहाव्या दिवशी डाव्या करंगळीपाशी जखम निघाली. ती भरायला नऊ आठवडे लागले. करंगळी वाचली.

साचे काढून मोजले तेव्हा डाव्याचा घेर दोनशे एक्कावन्न आणि उजव्याचा दोनशे बासष्ट. उलटे. डॉक्टरांनी विचारलं, आकडे कोणी भरले? बाई म्हणाल्या, "मी भरले. माझ्या हातून उलटसुलट झालं असेल." त्यांना मेमो मिळाला, सेवापुस्तकात नोंद झाली. एकतीस वर्षांत पहिली.

आता मी पुढचं जे बोलणार आहे ते अध्यक्षांना आज सकाळी अकरा वाजता लेखी दिलेलं आहे. बाईंना माहीत नाही.

बाई, आकडे तुम्ही बरोबर भरले होते.

रुग्णालयाच्या फॉर्ममध्ये डावा पाय आधी, माझ्या प्रोग्राममध्ये उजवा आधी. कारण स्टूल मी उजवा पाय आधी ठेवायचा असा केला होता. म्हणून फॉर्ममधून आलेली मापं माझा प्रोग्राम आपोआप उलटवून घ्यायचा. ओळ क्रमांक दोन हजार दोनशे आठ. नेटवर्क तुटल्यावर वॉर्डातली मापं हाताने भरायची सोय मी एका सकाळी घाईने केली आणि ती ओळ तशीच राहिली. बाई उजव्याच्या जागी उजवा आणि डाव्याच्या जागी डावा भरत होत्या. प्रोग्राम ते पाठीमागून उलटवत होता. पडद्यावर बाईंना बरोबर दिसायचं, मशीनला चूक पोचायचं. बहुतेकांच्या दोन पायांत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक असतो, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नसतं. ताईंच्या पायात अकराचा होता.

हे मला कधी कळलं? मेमो निघाला त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. डबा न उघडता बसलो होतो, वीस मिनिटांत ओळ सापडली. ती मी तेव्हाच दुरुस्त केली. तोवर हाताने भरलेल्या मापांचे बाकीचे अकरा जोड अजून फडताळात होते, त्यांचे साचे 'लाकूड खराब निघालं' असं सांगून पुन्हा कोरून घेतले. दादांनी विचारलंही होतं, "अकराच्या अकरा?" मी म्हणालो, "लॉटच खराब." दादा, लाकूड उत्तम होतं.

आणि मग मी गप्प बसलो. तेरा महिने.

का? विचारायचा हक्क तुम्हाला आहे. ज्या माणसाकडे प्रमाणपत्र नसतं, त्याच्याकडे त्याचं काम तेवढं असतं. त्यात एक ओळ चुकली असं म्हटलं की बाकीच्या सहा हजार चारशे अकरा कोण धरून बसतो? असं मला वाटलं. हे कारण आहे, सबब नाही.

पण या तेरा महिन्यांत मी काय पाहिलं ते सांगतो. बाई पूर्वी एका पावलाचा घेर एकदा घ्यायच्या. फीत टाकली, वाचला, लिहिला, पुढचा. मेमोनंतर दोनदा घ्यायला लागल्या, मग तीनदा. आकडा मोठ्याने वाचायला लागल्या, रुग्णाला म्हणायच्या, "तुम्हीही बघा हो, दोनशे अठ्ठेचाळीसच आहे ना?" रुग्ण काय बघणार? आणि एक दिवस त्यांनी वॉर्डाचं काम आपल्याकडून काढून घ्यावं असा अर्ज दिला. मी विचारलं, "बाई, गुडघ्यांमुळे का?" म्हणाल्या, "नाही हो. हात आता भरवशाचा राहिला नाही."

ज्या हाताने या इमारतीत नव्वद हजारांवर पावलं मोजली, तो.

त्या आठवड्यात मी स्वतःहून नव्या सिस्टीमची मागणी केली. प्रमुखांनी विचारलं, "आणि मशीन? ते चालत नव्हतं ना?" मी म्हणालो, "बघतो काहीतरी." खणातलं पत्रक काढलं, कंपनीचा प्रोग्राम मागवला, माझा काढून टाकला. नवी सिस्टीम बाईंनी नऊ दिवसांत आत्मसात केली. मला बावीस लागले. तिसऱ्या दिवशी बाई माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या, "अहो, ते तिथे नाही आता, डावीकडे वर बघा. आणि असे रागावून बटण दाबू नका, त्याला काय कळतंय?" नेटवर्क परत आलं, खेपा थांबल्या. नवी कधीमधी आपल्या तंद्रीत अर्धा तास घालवते, ते खरंच आहे. पण जुनीच्या बाजूची माझी सतराच्या सतरा कारणं मी पुन्हा वाचली, तर त्यातली अकरा सिस्टीमबद्दल नव्हतीच, माझ्याबद्दल होती. तुमच्यापैकी कोणी घरी नवा संगणक घेत असेल आणि जुनी की नवी असा प्रश्न पडला असेल, तर यादी जरूर करा. फक्त कारण कोणाचं आहे हेही समोर लिहा.

बाई, बसा, उभ्या राहू नका. थोडंच राहिलंय.

ताईंच्या मापांचा तुम्ही वॉर्डातून आणलेला कागद मी जपून ठेवला होता. तुमच्या अक्षरात, निळ्या शाईत: डावा दोनशे बासष्ट, उजवा दोनशे एक्कावन्न. मूळ प्रत अध्यक्षांकडे माझ्या पत्राला जोडली आहे. सेवापुस्तकातली नोंद तुमच्या नावावरून काढून माझ्या नावावर घ्यावी आणि ती आज, तुमची कार्यालयीन वेळ संपायच्या आत घ्यावी, अशी माझी विनंती आहे. अध्यक्ष महोदय मान डोलावत आहेत, सभेने पाहिलं आहे.

टपालवाल्या ताई, तुमच्या नऊ आठवड्यांचं मी काय करणार? माफी काल तुमच्या घरी येऊन मागितली. तुम्ही चहा दिलात आणि म्हणालात, "आधी बाईंना सांगा." सांगितलं.

आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते घड्याळाकडे न बघताही कळतंय. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, व्यासपीठाचे आणि उभं राहून ऐकणाऱ्यांचे आभार. आनंदाच्या प्रसंगी मी हे आणलं, कुणाला ते अप्रस्तुत वाटलं असेल तर तो दोषही माझ्याच खात्यावर लिहा, तिथे आता जागा झाली आहे. बाई, शब्दांत कुठे कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला.

एक माहिती तेवढी नोंदीसाठी देतो. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका मोठ्या कार्यशाळेचे दोन गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांच्याकडे असलीच सहा मशीनं आहेत, सगळी जुन्या सिस्टीमवर, आणि त्यांना बदल नकोय. माझा जुना प्रोग्राम त्यांना विकत हवा होता. कागद तयार करूनच आणले होते. मला फक्त एका वाक्याखाली सही करायची होती: 'या प्रोग्राममुळे आजवर एकही माप चुकलेलं नाही.' ते म्हणाले, "तुमच्याकडे एकच चूक झाल्याचं कळलं, तीही एका बाईंची होती ना?"

मी सही केली नाही. कागद त्यांना परत दिले. रक्कम होती नऊ लाख वीस हजार, एकरकमी.