न ऐकता नापास झालेला अल्बम

आमच्या घरात अण्णाकाका बोलले की विषय संपतो, उलट विचारायचं नाही, हे मला लहानपणापासून सांगितलेलं. तर झालं काय, मी कॉम्प्युटर, गणित आणि कॉमिक्सवर सात रॅप गाणी केली आणि अल्बम नेटवर टाकला. दोन दिवसांत अनोळखी पोरं लिहायला लागली, "ताई, प्रोग्रॅममधली चूक शोधायचं गाणं लई भारी!" मी हवेतच होते.

रविवारी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी सगळे चहाला जमले. अण्णाकाका म्हणाले, "काढून टाक ते. पुढच्या आठवड्यात पाहुणे तुला बघायला येणारेत."

"व्हय की, लई वंगाळ गाणी," आत्या म्हणाली.

"कुठलं वंगाळ वाटलं, आत्या?"

"मी कुटं ऐकलंय? अण्णा म्हणला की!"

"बाबा, तुम्ही?"

"अण्णांनी ऐकलं असेल की."

मी काकांकडे वळले. ते बशीतल्या चहावर फुंकर मारत म्हणाले, "ऐकायला कशाला पाहिजे? अल्बमवरच्या फोटोतली तुझी टोपी बघूनच कळलं."

"मग नाही काढणार. आणि पाहुण्यांना सातही गाणी मीच ऐकवणार. ऐकून नकार दिला, तर खुशाल देऊ देत."

आत्यानं घाईघाईनं बिस्किटं पुढं केली. कुणी हात लावला नाही, मग मीच एक उचललं.