नीट लावलेली गाडी

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक श्री. हार्वी पेनर, व्यासपीठावरील डॉक्टरमंडळी, आज निवृत्त होणाऱ्या परिचारिका ओलेना कोवालचुक, आणि जेवणातल्या पिरोगींचा वास आल्यापासून चुळबुळ करणारे सभ्य स्त्री-पुरुषहो,

मी लोर्ना. रुग्णालयात येणाऱ्या तक्रारी वाचून फाईलला लावणं हे माझं काम. त्यामुळे ओलेनाबाईंचे गुण माझ्याइतके कुणालाच ठाऊक नाहीत. तीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध एक्केचाळीस तक्रारी आल्या, सगळ्या पुरुषांच्या आणि सगळ्या एकच: गाडी नीट लावलेली असताना मला ती हलवायला लावली.

बायको जिन्यावरून पडली म्हणून तिच्या खाटेला चिकटून बसणारे नवरे किती प्रेमळ असतात म्हणून सांगू! तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंसुद्धा तेच देतात. अशा माणसाला उणे तीसच्या थंडीत बाहेर पिटाळायचं आणि तेवढ्यात पडदा ओढून बायकोला विचारायचं, घरी कुणी मारतं का? शोभतं का हे? आपल्या गावात असलं कुणी विचारत नाही. आपण सुसंस्कृत माणसं, शेजारी आरडाओरडा झाला की टीव्हीचा आवाज वाढवतो. पेनरसाहेबांनी बाईंना दोनदा समज दिली, ती उगाच नाही.

नोकरीला लागले त्या आठवड्यात जुन्या फाईलमध्ये सतरावी तक्रार दिसली. अक्षर ओळखीचं होतं. 'नर्सने मला तीनदा गाडी हलवायला लावली. तिसऱ्यांदा परत आलो तर बायको खाटेवर नव्हती.'

तक्रार अगदी खरी आहे. ती बायको मी. पहिल्या खेपेला मी जिन्याचं सांगितलं. दुसऱ्या खेपेलाही जिनाच. तिसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, "अगं, तू राहतेस ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात. जिना कुठून आणलास?"

मला हसू आलं आणि मग रडू आवरेना. कपडे धुण्याच्या खोलीतल्या मागच्या दाराने मी बाहेर पडले, बाईंच्या बहिणीच्या गाडीत बसले, आणि म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे.

ओलेनाबाई, चारचौघांत आभार मानायला मला बावीस वर्षं लागली. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सर्वांनी पोटात घालावं, पेनरसाहेबांनी जरा जास्तच. उद्यापासून बाईंच्या जागी डॅना येते आहे. ती फाईल मी तिला पाठ करायला दिली आहे. तेव्हा गाड्या कितीही नीट लावा, हलवाव्या लागतीलच.