नवीचा मास्क

(संध्याकाळ, आईचं घर. समोर चहा-बिस्किटं घेऊन तिच्या जुन्या टीमची कॅप्टन, आता त्याच टीमची मॅनेजर. मोरीतलं वॉशिंग मशीन बीप करून थांबतं.)

कॅप्टन: तुझं मशीन झालं बघ.

आई: होऊ दे.

कॅप्टन: ट्रॅकसूट टाकलायस ना? रक्त गरम पाण्यानं जात नाही गं, उलट बसतं. गार पाण्यात भिजत घालायचं, वरून मीठ. इतकी वर्षं हॉकी खेळलीस आणि एवढं माहीत नसावं?

आई: तू बिस्किट खा.

कॅप्टन: खातेय की. सकाळपासून पोटात काही नाही. दवाखान्याच्या कँटीनमध्ये नुसता चहा, तोही पाणचट.

आई: मला पाणीसुद्धा जात नाहीये. बाहीच्या दुमडीत बारकीचा दात होता. इथं घरी आल्यावर सापडला.

कॅप्टन: मी खातेय ना.

आई: म्हणूनच सांगतेय.

कॅप्टन: तू पहिल्यापासून अशीच. मैदानात भिंत, आणि बाहेर आलीस की नुसता ओला पापड. बरं, ऐक आता. सहाला आपण दोघी दवाखान्यात जायचं. तिच्या वडिलांना भेटायचं. बोलेन मी. तू नुसतं शेजारी उभं राहायचं.

आई: काय बोलणार?

कॅप्टन: हेच की पोरगी नवीन, पहिलीच मॅच, उत्साहात होती. मास्कचा पट्टा बांधायचा राहिला तिच्याकडून. धावताना मास्क उडाला आणि चेंडू जबड्यावर बसला. खेळात होतं असं.

आई: पट्टा बांधायचा राहिला.

कॅप्टन: हो.

आई: तिच्याकडून.

कॅप्टन: माझेच शब्द मला परत ऐकवू नकोस, तुझ्या बिट्टीसारखे.

आई: त्या मास्कला पट्टा आहे कुठे? अर्धं टोक लोंबतंय. आपण खेळायचो तेव्हाही अर्धंच होतं. मी ते दातांत धरून धावले होते.

कॅप्टन: आणि काय धावलीस. अजून डोळ्यांपुढे आहे. समोरची एवढी मोठी धिप्पाड बाई, तिनं स्टिक उचलली आणि तू थेट तिच्या अंगावर. तुझं नाव भिंत पडलं ते त्या दिवशी.

आई: दातही त्याच दिवशी पडले. दोन.

कॅप्टन: कुरकुर केली होतीस का तेव्हा? तोंडात बर्फ धरून नाचलीस आमच्याबरोबर.

आई: अठरा वर्षांची होते, कॅप्टन. तुम्ही सगळ्या मला आपली म्हणालात, म्हणून नाचले.

बिट्टी: आई, निळा रंग संपला.

आई: मग जांभळा घे, राणी. आतच बस. आम्ही बोलतोय.

बिट्टी: मावशी, तुझं बिस्किट बुडालं.

कॅप्टन: बुडू दे गं.

बिट्टी: आमच्या आईचे दोन दात काढता येतात. बघायचेत?

कॅप्टन: ते खरे होते ना, तेव्हापासून बघतेय मी. पडले तेव्हा गवतात रांगून शोधले पण होते.

बिट्टी: सापडले?

कॅप्टन: एक सापडला.

आई: बिट्टी, आत.

कॅप्टन: गोड आहे पोरगी. तुझ्यावर नाही गेली.

आई: मॅचआधी मी काय सांगितलं होतं? सगळ्यांसमोर?

कॅप्टन: आता ते काढू नकोस.

आई: समोरच्यांना कॉर्नर मिळाला तर चेंडू अडवायला लंबी धावेल, असं सांगितलं होतं. चार वर्षं खेळतेय, तिला पायांचा अंदाज आहे, आणि पट्टा घट्ट असलेला नवा मास्क तिच्यासाठी वेगळा काढून ठेवला होता. सगळ्या हो म्हणाल्या. तूही हो म्हणालीस.

कॅप्टन: म्हणाले.

आई: आणि कॉर्नर झाल्यावर लंबी गोलातच उभी राहिली, नि बारकीच्या हातात तो जुना मास्क आला. कुणी दिला?

कॅप्टन: पोरींनी दिला. त्यांची रीत आहे. नवी पोरगी पहिल्या कॉर्नरला त्या मास्कात धावते, मग आत आपलं अक्षर कोरते, मग ती टीमची. ही रीत मी काढली नाही, तूही नाही. आपल्या आधीपासून आहे.

आई: लंबीनं बाकाकडे बघितलं. तुझ्याकडे. तू मान हलवलीस.

कॅप्टन: मी माशी हाकलत होते.

आई: काय गं बाई तुम्ही.

कॅप्टन: बरं, हलवली मान. काय चुकलं? आजवर किती पोरी धावल्या त्या मास्कात? कुणाला खरचटलं, कुणाचा दात गेला, मेलं कुणी नाही. तू पाच वर्षांनी आलीस आणि पहिल्याच महिन्यात म्हणायला लागलीस, हे बंद, ते बंद. तू कोच आहेस, पण टीमला स्वतःचंही काही असतं.

आई: टाळ्या आठवतात तुला? बाकावरच्या?

कॅप्टन: पोरी टाळ्या वाजवतातच.

आई: नवी, नवी, नवी, म्हणत. एका तालात. ती पडली, तिच्या तोंडातून रक्ताची गुळणी आली, तरी टाळ्या चालूच होत्या. थोडाच वेळ, पण चालू होत्या. मी तिची हनुवटी हातात धरली तर ती हातातच हलत होती, एका बाजूला. सुटी. आणि मागे टाळ्या. मला आपल्या टीमची इतकी किळस कधीच आली नव्हती.

कॅप्टन: त्यांना दिसलं नसेल लगेच.

आई: कोच म्हणून आले त्या पहिल्याच दिवशी तो मास्क मी पेटीतून काढला होता. आतून कधी बघितलायस? काळाकुट्ट झालाय. इतक्या पोरींचा घाम, थुंकी, शेंबूड, सगळं थरावर थर, आणि त्यावर अक्षरं. नाकाशी नेला तर उमासा आला. तुझ्या हातात दिला, म्हटलं, टाकून दे.

कॅप्टन: ती टाकायची वस्तू आहे का?

आई: म्हणून पुसून परत पेटीत ठेवलास.

कॅप्टन: नुसता ठेवला नाही, फडक्यात गुंडाळून ठेवला. आणि एवढा उमासा आला होता, तर स्वतः का नाही टाकलास?

आई: आत माझंही अक्षर होतं. हात धजला नाही. म्हणून तुला दिला.

कॅप्टन: बघ. शेवटी तूही आपल्यातलीच.

आई: तेच तर तोंडातून थुंकता येत नाहीये.

कॅप्टन: पुरे आता. मी सरळ सांगते. क्लबच्या अध्यक्षांचा दुपारी फोन होता. म्हणाले, टीमचा आवाज एक पाहिजे. पोरीच्या हलगर्जीपणानं झालं म्हटलं तर विषय तिथंच मिटतो. नाही म्हटलं तर चौकशी, पेपरात नाव, टीम बंद. आणि तसं काही व्हायच्या आधी कोच बदलणार. कळलं? मला नाही, तुला.

आई: कळलं.

कॅप्टन: पाच वर्षं घरात दूध आणि दुपटी करत होतीस. फोन केला की रडायचीस, माझ्या पायांना मैदान आठवतं म्हणून. कुणी केली होती तुझी शिफारस? कोण जाऊन बसलं होतं अध्यक्षांच्या दारात?

आई: तू.

कॅप्टन: मग?

आई: मी कधी नाकारलं? ते मैदान मला हवंय, खोटं कशाला बोलू. सकाळी बिट्टीचा बाबा तिची वाकडीतिकडी वेणी घालत असतो, ती झोपेतच त्याच्या मांडीवर डुलत असते, आणि मी शिट्टी गळ्यात घालून जिना उतरते. दिवसातला तेवढा एक जिना माझा असतो. या महिन्यात बिट्टीच्या अंगावर एकदाही ओरडले नाही, माहितीये? घरात सगळ्यांना कळलंय की ही बरी झाली.

कॅप्टन: अगं, मग ते घालवू नकोस ना. मी काय तुझ्या वाईटावर आहे? दोन मिनिटं गप्प उभं राहायचंय. तुला खोटं बोलायलाही सांगत नाहीये.

आई: आणि बारकी?

कॅप्टन: तिचं काय?

आई: ती शेजारच्या खोलीत असेल. शुद्धीवर. ऐकत.

कॅप्टन: जबडा तारांनी बांधलाय तिचा. सहा आठवडे काही बोलायची नाही.

आई: ऐकलंस, आत्ता काय म्हणालीस ते?

कॅप्टन: काय?

आई: काही नाही. खा तू, उरलंय एक.

कॅप्टन: उगाच शब्दांत पकडू नकोस. सहा आठवड्यांत ती बरी होईल, आपण तिला परत घेऊ, पुढच्या वर्षी थेट पहिल्या संघात. तिचं अक्षरही कोरू आत, समारंभ करून. सगळं गोडीत होतं, भिंत. कुणीतरी आडवं पडलं नाही तर.

आई: भिंत म्हणू नकोस मला.

कॅप्टन: बरं, कोचबाई. मास्क कुठे आहे?

आई: का?

कॅप्टन: पेटीत नाहीये. लंबी म्हणाली, तू रुग्णवाहिकेत चढताना तुझ्या पिशवीत टाकलास. दे इकडे. पट्टा नवा शिवून घेते एकाकडून, अर्ध्या तासाचं काम. कुणी मागितला तर दाखवता येईल.

आई: तू त्यासाठी आलीस.

कॅप्टन: तुझी विचारपूस करायलाही आले.

आई: माझ्याकडे नाहीये.

कॅप्टन: टाकलास? आज टाकलास? बरं झालं म्हणा, तेही चालेल. कुठे टाकलास, कुणी बघितलं तर नाही?

आई: तिच्या वडिलांना दिला.

कॅप्टन: थट्टा करू नकोस.

आई: तू कँटीनमध्ये होतीस तेव्हा. ते रात्रपाळी करून तसेच आले होते, गणवेशात. मला बघून उठून उभे राहिले. म्हणाले, ताई, तुमचा खेळ बघूनच हिला पाठवली मी. माझी पोरगी गोल राखायचा सोडून पुढे का पळाली, एवढं समजावून सांगा, मला खेळातलं कळत नाही.

कॅप्टन: आणि तू समजावलंस.

आई: म्हटलं, कॉर्नर मिळाला की समोरची जोरात चेंडू मारते. बाकीच्या गोलापाशी थांबतात आणि एक जण तिच्या अंगावर धावत जाते, चेंडू अडवायला. ते म्हणाले, मग सगळ्यात पटाईत असेल तिलाच पाठवत असतील. माझ्या पोरीला पहिल्याच दिवशी पाठवलंत, एवढी चांगली खेळते ती? आणि त्यांचा चेहरा, कॅप्टन, खुलला. दवाखान्यात, त्या अवस्थेत, खुलला. मग मी पिशवीतून मास्क काढला.

कॅप्टन: अगं, वेडी का खुळी तू.

आई: रीत सांगितली. पट्टा दाखवला. त्यांनी मास्क उजेडाकडे धरून आत बघितलं. अक्षरं बघितली. विचारलं, यातलं तुमचं कुठलं? मी बोट ठेवून दाखवलं. मग विचारलं, आणि आमच्या पोरीचं?

कॅप्टन: काय म्हणालीस?

आई: म्हटलं, तिचं कोरायचं राहिलंय. त्यांनी तिच्यासाठी डबा आणला होता. पिशवीतून डबा बाहेर काढला, मास्क पिशवीत घातला, आणि डबा हातात धरून बसून राहिले. तिला आता गिळता येणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं बहुतेक. तेही मीच सांगितलं.

कॅप्टन: माझं नाव घेतलंस?

आई: तुझं, लंबीचं, माझं. मास्क पेटीत परत कसा आला तेही.

कॅप्टन: दहा वर्षं एका ताटात जेवलो आपण. तुझ्या बाळंतपणात तुझ्या आईआधी मी आले होते. आणि तू दोन मिनिटं गप्प बसू शकली नाहीस. मला आज शिसारी येतेय तुझी. खरंच येतेय.

आई: येऊ दे. मला सकाळपासून माझीही येतेय.

कॅप्टन: उद्या येऊ नकोस मैदानावर. गेटवर सांगून ठेवते.

आई: बरं.

कॅप्टन: शिट्टी दे. टीमची आहे.

आई: दाराजवळ, खिळ्याला. जाताना घे.

कॅप्टन: एवढ्यावर थांबणार नाही हे. सांगून ठेवते.

आई: कप राहू दे तिथंच. मी धुते.

बिट्टी: मावशी टाटा न करताच गेली.

आई: घाईत होती.

बिट्टी: चिडली होती की रडत होती?

आई: दोन्ही. तू ऐकत होतीस का सगळं?

बिट्टी: नाही. मी रंगवत होते. कानात येत होतं.

आई: ये इकडे. हात बघू. शी, कोपरापर्यंत जांभळी झालीयस. चल, मोरीत.

बिट्टी: त्या ताईला खूप दुखतंय?

आई: खूप. पण औषध दिलंय, झोपली असेल आता.

बिट्टी: ती जेवणार कशी?

आई: नळीनं. पातळ पातळ. बरी होईल हळूहळू. हात चोळ नीट.

बिट्टी: उद्या तू घरीच आहेस?

आई: हो. उद्या तुझी वेणी मी घालणार.

बिट्टी: बाबाच घालू दे. तू ओढतेस.

आई: बरं, बाबाच घालेल. दुसरा हात.

बिट्टी: आई, मोठी झाले की मी पण हॉकी खेळणार. तुझ्यासारखी. मागे उभी राहून.

आई: हं.

बिट्टी: पण मी आले ना टीममध्ये, की मग सगळ्यात नवी मीच असेन ना?