जाहिरातीखाली

वाशीमहून अनसिंगला जाणाऱ्या एसटीत पुढच्या सीटवर दोघी एकाच मोबाइलात डोकं घालून बसल्या होत्या.

“हे पाय सरवरी, आमची योगिनी. युनिव्हर्सिटीनं जायरातीत घेतली.”

“माशाल्ला! किती गोड दिसून राह्यली!”

“वाळली लेक. म्या व्हिडिओखाली लिहिलं, ‘माय, जेवत नाई का वं?’”

“सोजरबाई! साऱ्या जगासमोर?”

“मंग? दुसऱ्याच दिवशी युनिव्हर्सिटीनं मेसचा व्हिडिओ टाकला. हे पाय, ताट भरून जेवून राह्यली.”

“झालं ना मंग समाधान!”

“त्या ताटात भाकर दिसते का तुले? म्या तेबी लिहिलं.”

“पोरगी चिडली असन.”

“लय चिडली! किती दिवसानं सोताहून फोन केला तिनं.”

“मंग आता काय लिहून राह्यली?”

“वरण पातळ दिसते.”