चार मिनिटं दहा सेकंद

अध्यक्षस्थानी असलेले आमचे संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सरांच्या पत्नी म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकू, सरांचे जुने सहकारी, आणि माझ्या भाषणावर भरवसा नसल्यामुळे दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेले माझे मित्रमैत्रिणी, आपणा सर्वांना नमस्कार.

आपल्या पहिल्या अंतराळवीरांचं, आमच्या सरांचं, निधन होऊन आज महिना झाला. त्यांच्याविषयी बोलायला मलाच का उभं केलं, हा प्रश्न तुमच्याइतकाच मलाही पडला आहे. ते अंतराळात गेले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. या केंद्रात पाच वर्षं मी एकच काम केलं, त्यांच्या भाषणांतले आकडे तपासले. उंची, वेग, तापमान. विमान चालवणाऱ्याच्या मागे बसून ‘जरा हळू’ म्हणणारी माणसं असतात ना, तसं.

सर मला ‘दुरुस्ती’ म्हणत. भाषणाच्या शेवटी सगळे चूकभूल माफ असावी म्हणतात. सर म्हणत, “माफ करणारी मागे बसली आहे, पण ती करणार नाही.” लोक हसत. मी तेव्हा वहीत लिहीत असे, त्यामुळे माझं हसणं राहून जाई.

हे नाव मला मिळालं एका शाळेच्या सभागृहात. नोकरीला लागून दोन महिने झाले होते. समोर चारशे मुलं. सर सांगत होते, “परत येताना सात मिनिटं मी कोणाशीही बोललो नाही.” यान वातावरणात शिरतं तेव्हा भोवतीची हवा इतकी तापते की रेडिओ बंद पडतो. ते गणित मी आदल्याच आठवड्यात केलं होतं. मी उभी राहिले. हो, चारशे मुलांसमोर.

“सर, एक दुरुस्ती. सात नाही. चार मिनिटं दहा सेकंद.”

सर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “चार तर चार. वरचे दहा सेकंद तुम्हाला बक्षीस.”

त्यानंतर त्यांनी कुठेही सात म्हटलं नाही. पाच वर्षं चारच म्हणाले. ज्या माणसाने स्वतः ती मिनिटं काढली, त्याला ती किती होती हे मी सांगितलं, आणि त्याने ऐकलं! मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू? मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, “मोठ्या माणसाला असं बोलतात का गं?” आईला तांत्रिक बाबी कळत नाहीत, असं मी मनात म्हटलं.

तर, या पडद्यामागे जो स्मृतिफलक आहे, त्यावरही सरांचं ते ‘बोललो नाही’चं वाक्य चार मिनिटांचंच कोरलेलं आहे. मजकुराखाली माझी सही आहे: ‘तपासले, बरोबर आहे.’

सर गेल्यावर त्यांच्या जुन्या ध्वनिफिती नीट लावायचं काम माझ्याकडे आलं. गेल्या बुधवारी मी यानातल्या टेपरेकॉर्डरची फीत ऐकली. चार मिनिटं दहा सेकंद नुसती खरखर. माझं गणित बरोबर. मग खरखर थांबते आणि नियंत्रण कक्षाचा आवाज येतो, अगदी स्वच्छ: “ऐकू येतंय का?” उत्तर नाही. पुन्हा हाक. अशा पाच हाका मी मोजल्या. सरांचा श्वास ऐकू येतो. दोन मिनिटं पन्नास सेकंदांनी खट्ट करून बटण दाबल्याचा आवाज येतो आणि सर म्हणतात, “मी ठीक आहे.”

बेरीज तुम्हीच करा.

रेडिओ सात मिनिटं बंद होता, असं सर कधीच म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, मी बोललो नाही. मला गणित आलं, मराठी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. सर परतले त्या दिवशी काकू नियंत्रण कक्षात, भिंतीजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. काकूंची परवानगी घेऊनच हे सांगते आहे. त्या म्हणाल्या, “चार मिनिटांचं मला आधीच सांगून ठेवलं होतं. पाचव्या मिनिटाला कोणीतरी मला पाणी आणून दिलं. न मागता पाणी आणून देतात तेव्हा बाईने काय समजायचं?”

मग त्याच पुढे म्हणाल्या,

“घरी आल्यावर आठ दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. म्हटलं, घ्या, शांतता हवी होती ना?”

“पण का नाही बोलले ते?”

“म्हणाले, खाली उतरलो की जन्मभर बोलायचंच आहे, म्हणून जरा थांबलो.” मग काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “तू दुरुस्ती केलीस ना, त्या दिवशी खुशीत घरी आले. म्हणे, एका पोरीने माझी तीन मिनिटं माफ करून टाकली. अगं, पण हे भाषणात सात म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. भर सभेत माझी माफी मागायचे. तू तेवढं बंद केलंस.”

आणि मग, अगदी सहज: “दगडावर तरी माझी तीन मिनिटं मला परत दे.”

मी पाथरवटाकडे गेले. तो म्हणाला, “बाई, चारचा सात होत नाही. दगड नवा घ्यावा लागेल.” संचालक महोदय मघाशी कॉरिडॉरमध्ये म्हणाले, “पाहुणे पडदा ओढायला आले आहेत. चार काय आणि सात काय, फरक किती पडतो?” मी म्हटलं, “तीनचा, सर.” ते हसले नाहीत.

पाहुण्यांनी पडदा जरूर ओढावा. पण फलकावरचा आकडा चुकीचा आहे आणि तो माझ्यामुळे चुकला आहे, याची नोंद व्हावी. ‘तपासले, बरोबर आहे’ ही सही मी मागे घेते. नवा दगड बसेपर्यंत मला रोज या दारातून, त्या आकड्यासमोरूनच आत यावं लागेल. हेही योग्यच आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. ते दाखवून द्यायला मागे आज कोणी बसलेलं नाही.

अध्यक्ष महोदय, शेवटची एक दुरुस्ती. कार्यक्रमपत्रिकेत आता दोन मिनिटं स्तब्धता लिहिली आहे. पत्रिकाही मीच तपासली होती. ती दोन मिनिटं पन्नास सेकंद असावी. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवते आहे, पालथं.

आपण उभं राहू या. काकू, तुम्ही म्हणाल तेव्हाच आम्ही बसू.